पाट्यांचा खण

आमच्या स्वागतकक्षाच्या टेबलाला तीन खण आहेत. पहिल्यात खोल्यांच्या किल्ल्या, दुसऱ्यात तक्रारींची वही आणि तिसऱ्यात प्रेम. प्रेमाचा खण सगळ्यांत जड, कारण त्यात पितळेच्या दोनशे बारा पाट्या आहेत. प्रत्येक पाटीवर एका जोडप्याची लाडाची नावं आणि लग्नाची तारीख. सोन्या आणि बबडी, पिल्लू आणि चिमणी, आणि एका पाटीवर तर नुसतंच 'गुल्लू आणि गुल्लू'. त्यातला नवरा कुठला, हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

आमची जागा म्हणजे द्राक्षाच्या बागेतलं लॉज. पण लॉज म्हणायची आम्हाला बंदी आहे. लॉज म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात, असं मालकीणबाईंचं म्हणणं. वास्तविक हनिमूनला येणाऱ्यांनी भलता अर्थ काढायचा नाही तर कोणी काढायचा? पण माझं मत या विषयात धरू नये. माझ्या हनिमूनला नवऱ्याला कांजिण्या झाल्या होत्या आणि मी आठ दिवस त्याच्या पाठीला औषध लावत होते.

तर पाट्या. लॉज सुरू झालं तेव्हा मालकीणबाईंच्या सुपीक डोक्यातून 'प्रेमवेल' निघाली. येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला बागेतली एक वेल द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातानं वेलीवर पाटी बांधायची, फोटो काढायचा, आणि ही वेल जन्मभर तुमचीच असं सांगायचं. जोडपी अगदी विरघळून जातात. अडचण एवढीच, की लॉजच्या जवळच्या, फोटोत मागे डोंगर येणाऱ्या आणि नव्या चपला चिखलात न जाता गाठता येणाऱ्या वेली फक्त नऊ आहेत. म्हणून जोडपं गेलं की पाटी सुटते आणि माझ्या खणात येते. पुढे कधी लग्नाच्या वाढदिवसाला तेच जोडपं आलं, की मी वहीत बघून पाटी शोधायची आणि ती न्याहारीच्या आधी वेलीवर चढलेली असायची. चढवायचं काम कात्रीकाकांचं.

कात्रीकाका म्हणजे आमचे छाटणीवाले. सोळाव्या वर्षी या बागेत आले, तेव्हा मालकीणबाईंचे सासरे बाग बघत होते आणि लॉजचा पत्ता नव्हता. आज काका साठीला आलेत. कमरेला छाटणीची कात्री, चामड्याच्या म्यानात. जेवतानाही काढत नाहीत. वेलीसमोर उभे राहतात, एकदा खालून वर बघतात, आणि चार ठिकाणी कात्री चालवून पुढे जातात. ते चारच काप का, हे विचारलं तर म्हणतात, पाचवा लागत नव्हता. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र ते वेलीमागे जातात.

पाट्या चढवायचं काम गळ्यात पडलं तेव्हा काकांनी तोंड वाकडं केलं होतं. पण हातात घेतलेलं काम हलकं करणं त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्याच वर्षी ते पाटी घेऊन माझ्याकडे परत आले. ही वर्षभर पावसापाण्यात राहिलेली दिसते का, म्हणाले. दिसत नव्हती. खणात राहून ती माझ्या बांगडीपेक्षा जास्त चमकत होती. तेव्हापासून काकांनी पाट्या जुन्या करायचं शास्त्रच बसवलं. एक वर्षाची पाटी लिंबू चोळून उन्हात. तीन वर्षांची आठवडाभर ओल्या मातीत पुरून. पाच वर्षांच्या पाटीला मिठाचं पाणी आणि व्हिनेगर, म्हणजे कडांना हिरवट रंग धरतो. सात वर्षांच्या पाटीवर ते पक्ष्याची घाणसुद्धा लावायचे, आणि ती खरी असायची. पाहुणे पाटीवरून बोट फिरवून डोळे पुसायचे. काका बाजूला उभे राहून, रंग जरा जास्त झाला का, हे बघायचे.

एकदा मी घोटाळा केला. एक गृहस्थ पाच वर्षांनी आले, मी वहीत नाव बघून पाटी दिली, काकांनी ती रंगवून चढवली. गृहस्थ बागेत आले ते वेगळीच बायको घेऊन. माझी पाचावर धारण बसली. काकांनी मात्र शांतपणे पाटीकडे पाठ केली, मागच्या मागे तार सोडली, पाटी खिशात घातली आणि सांगितलं की तुमच्या वेलीला बुरशी आली होती, उपटावी लागली. गृहस्थांचा चेहरा एवढा उजळला, की मी जन्मात कोणाला बुरशीमुळे इतकं सुखी झालेलं पाहिलं नाही.

मी एकदा विचारलं होतं, काका, एवढं खोटं तुम्हाला डाचत नाही का? ते म्हणाले, वेलीला स्वतःचं नाव थोडंच ठाऊक असतं. ते ऐकून मलाही बरं वाटलं, कारण पाट्यांचा खण माझ्याच टेबलाला होता.

यंदा लॉजला बारा वर्षं झाली. नवी माहितीपुस्तिका काढायची ठरली आणि मालकीणबाईंचं डोकं पुन्हा सुपीक झालं. पहिल्या पानावर तरुण जोडपं सगळेच छापतात. आपण आपलं म्हातारं जोडपं छापायचं. कात्रीकाका आणि काकूंना दोन रात्री हनिमूनच्या खोलीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाटी बांधताना फोटो घ्यायचा, वर लिहायचं, 'चौतीस वर्षं, एक वेल'. इतक्या वर्षांत मालकीणबाईंनी काकूंची चौकशी एकदाही केली नव्हती, पण पुस्तिकेसाठी त्यांना अचानक गहिवरून आलं.

काकांनी लगेच हात वर केले. बायकोला जमणार नाही, म्हणाले. ती शहरात शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, सुट्टी मिळत नाही, दोन बस बदलाव्या लागतात, तिचा गुडघा धरतो. मालकीणबाईंनी थेट काकूंनाच फोन लावला. काकू पहिल्या फटक्यात हो म्हणाल्या. वर म्हणाल्या, मला माझी वेल बघायचीच होती.

फोन ठेवल्यावर मालकीणबाई खूश, काका पांढरेफटक. संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि विचारलं, ताई, चौतीस वर्षांची पाटी करायला किती दिवस लागतील?

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकांचं लग्न ऐन छाटणीच्या दिवसांत झालं. सुट्टी मिळाली अर्धा दिवस. हनिमून हा शब्द तेव्हा त्यांच्या घरात कोणी ऐकलेलाही नव्हता. बायकोला कुठे न्यायचं कळेना, म्हणून ते तिला बागेत घेऊन आले. थर्मासमध्ये चहा होता. पाचव्या ओळीच्या तोंडाशी काकांनी स्वतः लावलेली द्राक्षाची एक काडी नुकती फुटली होती. ती दाखवून ते म्हणाले, ही तुझी. हिला मी दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. चहा संपला आणि त्यांचा हनिमूनही संपला.

पुढे काकूंचं बागेत येणं राहूनच गेलं. सासूबाईंनी अंथरूण धरलं, मग मुलं, मग शाळेची नोकरी. पण तीन वर्षांनी वेलीला फळ आलं तेव्हापासून दर वर्षी काका पहिला घड कागदात गुंडाळून घरी नेत. वीस वर्षं नेला. मग लॉज झालं, आणि वर्षभरात लॉजला पोहण्याचा तलाव हवासा वाटला. पाचव्या ओळीचा पुढचा भाग तलावात गेला. ही गोष्ट घरी सांगायचं काकांच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करत काढणीचे दिवस आले. मग त्यांनी लॉजजवळच्या एका चांगल्या वेलीचा घड कागदात गुंडाळला आणि नेला. ते आजतागायत नेतायत. अकरा घड झाले.

मी कपाळाला हात लावला. दोनशे बारा जोडप्यांना टोपी घालणारा हा माणूस स्वतःच्या घरीही तेच करत होता, आणि ते त्याला आज पहिल्यांदा डाचत होतं. सरळ सांगून टाका, असं मी म्हटलं. ते म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर वेल गेल्याचं सांगणं झालं असतं. आता सांगितलं तर अकरा वर्षं फसवल्याचं सांगणं होईल. आम्ही एक कोरी पाटी व्हिनेगरमध्ये टाकली.

काकू आल्या त्या स्वतःची उशी काखेत घेऊन. बुटक्या, ठसठशीत, आणि दोनशे मुलांना रोज जेवू घालणाऱ्या बाईची नजर. मी त्यांना खोली दाखवायला गेले. पलंगावरच्या गुलाबाच्या पाकळ्या बघून त्यांनी विचारलं, झाडू कुठे आहे? न्हाणीघर खोलीतच आहे, मध्ये नुसती काच. काकूंनी ती काच एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं बघितली, आणि कपाटातली जास्तीची चादर काढून त्यावर टांगली. आमच्या वास्तुविशारदानं सहा महिने घालवलेली कल्पना त्यांनी दोन चिमट्यांत निकालात काढली.

काकांची गत त्याहून वाईट. त्यांना गच्चीतल्या वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. हातात वाइनचा ग्लास. पिऊन दाखवा, असा फोटोग्राफरचा आग्रह. काका म्हणाले, यावर काय काय फवारलंय ते मला ठाऊक आहे. एरवी त्यांना 'ओ म्हाताऱ्या, बाजूला हो' म्हणणारा वाढपी हातावर रुमाल टाकून वाकून उभा होता आणि हसू आवरता आवरता त्याच्या नाकी नऊ येत होते. मग फोटोग्राफरनं दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला सांगितलं. काकू म्हणाल्या, बघितलेत. तरीही बघा म्हटल्यावर त्यांनी बघितलं. काकांनी मात्र मान फिरवली आणि गच्चीवरच्या वेलीची एक वाळकी काडी कापून टाकली.

दुपारी काकू माझ्यापाशी येऊन बसल्या आणि नवऱ्याला नावं ठेवायला लागल्या. बायका नवऱ्याला नावं ठेवतात तेव्हा मी टेबलावरचं काम बाजूला सारते. माणूस घरी एक शब्द बोलत नाही. पायमोजे उलटे काढतो. पुढच्या दाराशी लाकडाचा एक ओबडधोबड ओंडका आणून ठेवलाय, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून, त्याला येता-जाता ठेच लागते, पण फेकू देत नाही. चहात साखर दोनदा घालतो. मग त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, पाचवी ओळ कुठली गं? मी म्हटलं, ओळींचे आकडे आता बदललेत. आणि हे खरं होतं. तलाव झाल्यावर मालकीणबाईंनी त्याच्या पुढून पहिली ओळ मोजायला घेतली होती.

"त्यांना विचारलं तर उद्या दाखवतो म्हणतात," काकू म्हणाल्या. "बघू उद्या."

हे त्या ज्या सुरात म्हणाल्या, तो मला आवडला नाही. शाळेत पोरानं पोळी लपवल्यावर त्या त्याच सुरात बोलत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बागेत जमलो. मालकीणबाई, फोटोग्राफर, मी, काका-काकू, आणि एक खरंखुरं नवं जोडपं. मुलगी दातांची डॉक्टर, नवरा सतत तिची पर्स धरून. त्यांची पाटीही त्याच वेळी बांधायची होती. मालकीणबाईंनी भाषण केलं. वेल आणि संसार, मुळं आणि विश्वास, असं बरंच काही. आम्हाला ते पाठ आहे. मग काका पुढे झाले. हातात पाटी. खरं सांगते, इतकी सुरेख पाटी त्यांनी आजवर केली नव्हती. कडा हिरव्या, अक्षरांत काळपटपणा, एक कोपरा किंचित वाकलेला. बघणाऱ्यानं शपथेवर चौतीस वर्षं सांगितली असती.

त्यांनी तार वेलीभोवती घेतली आणि ती बांधता येईना. ज्या हातांनी दोनशे बारा जोडपी बांधली, त्या हातांतून तार तीनदा निसटली. फोटोग्राफर म्हणाला, तसंच थांबा, छान दिसतंय.

काकू पुढे झाल्या. वेलीवरच्या घडातला एक मणी तोडला, तोंडात टाकला, चावला.

"हीच," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं तुम्ही मला हिचीच द्राक्षं आणताय. बी नसलेली. माझ्या वेलीच्या मण्यात दोन बिया असायच्या."

मला हसावं की रडावं कळेना. पक्ष्याची घाण खरी लावणारा हा कारागीर, आणि बियांचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. आला असता तरी उपयोग नव्हता. जुन्या जातीच्या वेली त्या ओळीच्या पुढच्या भागातच होत्या, त्या तलावात गेल्या.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. काल दिवसभर थांबले. म्हणून तर आले इथं. नाहीतर त्या काचेच्या न्हाणीघरात माझं काय अडलं होतं?"

काकांनी पाटी खिशात घातली आणि चालायला लागले. काकू मागून. त्यांच्या मागून आम्ही, कारण मालकीणबाई थांबा म्हणत होत्या आणि फोटोग्राफर थांबत नव्हता. काका तलावापाशी गेले. पलीकडच्या काठामागे जुन्या पाचव्या ओळीचे लोखंडी खांब अजून उभे आहेत. काकांनी एक डोळा मिटून खांबांची रेघ धरली, पावलं मोजली आणि उथळ पाण्याच्या बाजूला एका जागी उभे राहिले.

"इथं होती."

काकूंनी पाण्यात बघितलं. तळाशी निळ्या फरश्या होत्या आणि कोणाची तरी केसांची पिन. त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश काठावर बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. काका बूट न काढता शेजारी बसले. नव्या बुटात पाणी भरलं. ते लॉजनं फोटोसाठी आणलेले बूट होते. मालकीणबाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"उपटली कोणी?" काकूंनी विचारलं.

"मीच. मशीनवाला आला होता, त्याला बाजूला केलं. एक दिवस लागला खणायला." मग पाण्याकडे बघत ते म्हणाले, "दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही म्हटलं होतं तुला."

काकू पाय हलवत राहिल्या. मी एरवी डोळ्यांत पाणी आणणारी बाई नाही, पण तेव्हा आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

"आणि खोड? फेकलंत?"

"दाराशी आहे," काका म्हणाले.

काकूंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अहो, मी त्याला अकरा वर्षं लाथा घालतेय," त्या म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात भंगारवाल्याला देत होते."

"मी परत आणला."

यावर काकू जे हसायला लागल्या ते थांबेचनात. हसता हसता रडल्या, पुन्हा हसल्या, आणि नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. तो चांगला जोरात होता, आवाज आला. अकरा वर्षांचा हिशेब असा एका गुद्द्यात मिटला, असं मी म्हणणार नाही. घरी गेल्यावर काकांना बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार. पण काकू उठल्या आणि म्हणाल्या, चला घरी. एक रात्र अजून बाकी होती. ती नको म्हणाल्या. काखेत उशी घेतली आणि दोघं दुपारच्या बसनं गेली. ओले बूट काकांनी जाण्याआधी धुऊन, पुसून माझ्या टेबलावर परत केले.

मग ती दातांची डॉक्टर मुलगी माझ्यापाशी आली. हातात त्यांची कोरी चकचकीत पाटी. तिनं हळू आवाजात विचारलं, आमची वेल तरी आमचीच राहणार आहे ना? बारा वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर हसून दिलंय. या वेळी तोंडाशी आलं आणि पुढे सरकेना. मी तिला सांगितलं, पाटी घरी घेऊन जा. इथं ठेवलीत तर ती माझ्या खणात पडेल. तिनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पाटी पर्समध्ये टाकली. पर्स नवऱ्याच्याच हातात होती.

मालकीणबाई हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तलावात पाय सोडून बसलेले काका-काकू आले, काकांच्या बुटांसकट. फोटो एवढा गाजला की प्रेमवेल बंद झाली आणि 'प्रेमफरशी' सुरू झाली. आता जोडप्यांना तलावाच्या काठाची एकेक फरशी मिळते, पाण्यात पाय सोडायला. चांगल्या उजेडाच्या फरश्या सात आहेत. तो खण मी चालवणार नाही, असं मी बाईंना तोंडावर सांगितलं. त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, ते पंधरा दिवस फार छान गेले.

मागच्या महिन्यात मी काकूंकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दार सताड उघडं. दाराशी तो ओंडका, घासूनपुसून तेल लावलेला, आणि त्यावर दोन खिळ्यांनी ठोकलेली ती पाटी. हिरवा रंग थोडा उडालाय. काका म्हणाले, आता ती आपली आपण जुनी होईल. मी वाकून बघितलं. खणातल्या दोनशे बारा आणि ही एक, त्यांतली आपल्या वेलीवर असलेली ही एकच.

निघताना मी मागे वळून त्यांना हात करत होते, त्या नादात अंगठ्याला सणसणीत ठेच लागली. काकू आतून म्हणाल्या, लागते गं सगळ्यांना, आम्ही आता हळदीची डबी दाराशीच ठेवलीय.